मिठी नदीवर गाणं करतोय, कंपनी सरकारपासून आजपर्यंत – मदत पाहिजे

कुर्ल्याचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. आमचा कुर्ल्यात सात-आठ जणांचा ग्रुप आहे, ढोलकी, संबळ, एक हार्मोनियम आणि बाकी सगळे टाळ्या वाजवणारे. यंदा २६ जुलैच्या (२००५ च्या मुंबईतल्या पुराच्या) आठवणीचा एक छोटा कार्यक्रम आहे वस्तीत आणि तिथे मिठीवर एक गाणं करायचं ठरलंय. पाच-सहा मिनिटांचं. इंग्रज यायच्या आधी नदी कशी होती आणि मग तिची वाट कशी लागत गेली, असं. रडगाणं म्हणा हवं तर. पण नुसतं "कचरा टाकू नका" टाईप नको, ते पालिकेच्या गाडीवर वाजतंच रोज सकाळी.

सुरुवात अशी केलीय,

*गोरा आला गलबतातून, बांधला त्यानं घाट*
*मिठी माझी मायमाऊली, तिची लावली वाट*

पुढचं कडवं नदी स्वतः बोलते असं आहे, मी विहारच्या डोंगरात जन्मले, मी खळाळत होते, माझ्या काठी हरणं यायची वगैरे.

प्रश्न असे की एक तर इंग्रजांनी नेमकं काय काय केलं ते कडव्यात बसवायचंय पण चुकीचं काही जायला नको, वस्तीत जुनी माणसं असतात ती लगेच पकडतात. दुसरं म्हणजे चाल कोणती घ्यावी, पोरं म्हणतायत पोवाडा करू कारण संबळ आहे. आणि तिसरं, शेवट कसा करावा ते सुचतच नाहीये, नेहमीसारखं "चला वाचवू मिठीला" नको वाटतंय.

---

जलखात्याचा_म्हातारा

पोरा, विषय चांगला घेतलास. मी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलंय, तेव्हा थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून दे.

पहिलं म्हणजे "घाट बांधला" काढून टाक, घाट कुणी बांधला नाही. बांधले ते दोन रस्ते आणि एक धरण, आणि गाण्याचा सगळा जीव त्या तीन गोष्टींत आहे. तेव्हा मुंबई बेट वेगळं आणि उत्तरेचं साष्टी बेट वेगळं, मधे माहीमची खाडी, आणि भरतीचं पाणी माहीमकडूनही आत यायचं आणि तिकडे सायनच्या बाजूने ठाण्याच्या खाडीकडूनही. मिठी या सगळ्या पाणथळीत येऊन मिळायची. मग गव्हर्नर डंकनच्या काळात सायनचा कॉजवे, म्हणजे पाण्यातून भराव घालून केलेला रस्ता, झाला, १८०५ ला पुरा झाला, म्हणजे बेट कुर्ल्याला जोडलं गेलं. मग माहीम-वांद्र्याचा कॉजवे १८४५ ला. मधे पूल होता त्यामुळे पूर्ण बंद बांध नव्हता तो, पण खाडीचं तोंड आवळलं गेलं आणि तोंड आवळलं की पाण्याचा जोर कमी होतो, जोर कमी झाला की गाळ बसतो. १८५३ ला आगगाडी आली ती पण सायन-कुर्ल्यामधल्या दलदलीत भराव घालूनच.

आता नदीच्या डोक्याकडे, म्हणजे उगमाकडे बघ. १८५४ ला पाऊस नीट झाला नाही, शहराचे विहिरी-तलाव आटले आणि सरकारला घाम फुटला. तेव्हा १८५६ ला विहारचं धरण बांधायला घेतलं आणि १८६० ला ते झालं. मुंबईला नळाने पाणी मिळालं ते पहिल्यांदा विहारचं. पुढे १८९१ च्या सुमारास पवई पण अडवली. म्हणजे मिठीचं जे उगमाचं गोडं पाणी, ते शहराने आधी पिऊन टाकलं. धरण भरून ओसंडलं तरच खाली नदीला पाणी, आणि ते होतं जुलै-ऑगस्टात. बाकीचे आठ-नऊ महिने नदीपात्रात जे वाहताना दिसतं ना, त्यातलं बहुतेक पाणी आपल्या घरांतून आणि कारखान्यांतून आलेलं असतं. हे लोकांना माहितीच नसतं, लोकांना वाटतं नदी आहे आणि तिच्यात घाण मिसळली. उन्हाळ्यात तर घाण आहे म्हणून पात्र ओलं आहे, असं म्हणावं लागतं.

हे तुझ्या गाण्यात आलं तर मी शिट्टी मारीन.

---

सायन_स्लो_लोकल

काकांनी छान लिहिलंय पण मला त्या "गोरा आला आणि वाट लावली" वरच आक्षेप आहे. सोप्पं आहे हो ते. गोरा स्टेजवर शिव्या खायला येत नाही म्हणून सगळे त्यालाच घालतात.

माहीमचा कॉजवे बघा. कंपनी सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं. माहीम-वांद्र्यामधे होडीने जायचं आणि पावसाळ्यात होड्या उलटायच्या, माणसं मरायची. पैसे दिले जमशेटजी जीजीभॉयच्या बायकोने, आवाबाईंनी, १ लाख ५७ हजार रुपये त्या काळात, आणि अट घातली की लोकांकडून टोल घ्यायचा नाही. आजच्या टोलनाक्यांवर उभं राहून ही अट वाचावी एकदा. तर ती बाई काय नदीची वैरी होती? लोकांना सुखाने पलीकडे जाता यावं म्हणूनच केलं ना तिने.

आणि खरी कंबर मोडली ती स्वातंत्र्यानंतर. विमानतळाची धावपट्टी वाढली तसं नदीला काटकोनात वळवत नेलं आणि धावपट्टीच्या खालून काढलं. कुठली नदी काटकोनात वळते सांगा. मग बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, १९७७ ला एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिलं, ३७० हेक्टर, त्यातलं कितीतरी खाजण (भरतीच्या पाण्याची दलदल) आणि तिवरं (खारफुटी) होती, भराव टाकून वर काचेच्या बिल्डिंगी. तिथे कुणी गोरा आला नव्हता, आपणच होतो, आपल्याच मतांनी निवडून दिलेले.

तेव्हा गाणं करताय तर पूर्ण करा, नाहीतर इंग्रजांवर ढकलून घरी जेवायला मोकळे.

---

चिंबोरी_नाक्यावर

मी धारावी कोळीवाड्यातली. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

हरणं वगैरे सोडा दादा, तुमच्या गाण्यात मासळी एकपण नाही! नदी-खाडीवर गाणं आणि त्यात बोईट नाही, कोळंबी नाही, चिंबोरी नाही, निवट्या नाही? आमच्याकडे म्हातारी माणसं अजून सांगतात, ओहोटीला चिखलात उतरायचं आणि निवट्या हाताने पकडायच्या, पाग टाकला की बोईट, आणि जिताडा मिळाला तर त्या दिवशी दिवाळी. कालवं फोडायला बायका जायच्या खडकावर. आता खाडीत पाय घातला तर अंगाला खाज सुटते. तरी काही जण जातात अजून होडी घेऊन, जाळ्यात प्लास्टिक जास्त येतं ते सोडा.

आणि धारावी म्हटलं की सगळ्यांना झोपडपट्टीच आठवते. अहो आम्ही त्याच्या आधीपासून इथे आहोत, खाडीच्या काठावर. तुम्ही काळा किल्ला बघितलाय का, डेपोच्या मागे? त्याच्यावर पाटी आहे इंग्रजीत, गव्हर्नर हॉर्नच्या हुकमाने १७३७ ला बांधला म्हणून. तो किल्ला नदीवर पहारा ठेवायला बांधलेला, पलीकडे साष्टीत शत्रू म्हणून. आता किल्ल्यावर उभं राहिलात तर पाणी दिसत नाही, नुसती घरं. भराव टाकून टाकून नदीच लांब गेली. किल्ला तिथेच आहे हो. हे कडवं मला तर लई आवडेल ऐकायला.

आणि एक, सायनवाले दादा बोलले ते बरोबर पण "आपणच" म्हणताना जरा बघून बोला. बीकेसीचा भराव टाकताना कोळ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

---

सायन_स्लो_लोकल

@चिंबोरी_नाक्यावर ताई मान्य. "आपण" मधे कोण कोण येतं त्यावरच वेगळा धागा निघेल.

---

दिमडीवाला

चालीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

पोवाडा नको. संबळ आहे म्हणून पोवाडा हे लॉजिक कुठलं, आणि संबळ तर मुळात गोंधळात वाजतं. पोवाड्याला पराक्रम लागतो, ललकारी लागते, इथे पराक्रम कुणाचा, गाळाचा? गळा काढून "हो जी जी जी" करत नदी मेल्याचं सांगितलं की लोकांना हसू येतं, मी बघितलंय स्टेजवर. कोळीगीताची चाल पटकन आठवते पण ती अंगातच नाचरी आहे, लोक पहिल्या ओळीला कमरेवर हात ठेवून उभे राहतील आणि शब्द कुणी ऐकणार नाही.

दुसरं, नदी स्वतः बोलते ते प्लीज काढा. सातवीच्या पेपरात "मी नदी बोलतेय" दहा मार्काला असायचं ना, तेच होतं. मी डोंगरात जन्मले, मी खळाळले, मानवाने मला दूषित केले, धन्यवाद. ऐकणाऱ्याला पुढची ओळ आधीच माहीत असते.

माझं मत विचाराल तर ओवी घ्या. जात्यावरची, मोजत जाणारी, पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी. दोन फायदे आहेत. एक तर मोजणी असल्यामुळे तुमचा सगळा इतिहास आपोआप क्रमाने लागतो, काळ सांगायला साल घुसवावं लागत नाही (साल गाण्यात घातलं की गाणं जनरल नॉलेजचं पुस्तक होतं). दुसरं म्हणजे ओवी गाणारी बाई कुणावर ओरडत नाही, कामं करता करता बोलत असते, त्यामुळे खोचक बोललेलं पण चालतं. वाद्य कमीत कमी. सुरुवातीला नुसता जात्याचा आवाज, तो दिमडीवर बोट घासून काढता येतो, आणि ढोलकी चौथ्या ओवीपर्यंत आणूच नका. ढोलकीवाला चिडेल, त्याला सांगा मी सांगितलं.

वर सगळ्यांनी लिहिलंय त्यावरून पटकन खरडलं, बघा,

*पहिली माझी ओवी, खाडीच्या गं तोंडा*
*भरतीच्या वाटेवरी कुणी टाकला गं धोंडा*

*दुसरी माझी ओवी, विहारच्या बांधा*
*पाणी गेलं नळाला नि नदीचा झाला वांधा*

*तिसरी माझी ओवी, विमानाच्या तळा*
*काटकोनी वळवला बाईचा गं गळा*

*चौथी माझी ओवी, काचेच्या गं घरा*
*तिवराच्या बनामंदी भराव झाला पुरा*

पुढची तुम्ही करा.

---

जलखात्याचा_म्हातारा

वांधा भारी आहे! 😄 शिट्टी मारली असं समजा.

पण धोंडा म्हणजे पूर्ण बंद केल्यासारखं वाटतं, मी वर लिहिलंय की पूल होता. आणि सायनच्या लोकलवाल्याने सांगितलं ते पण यायला हवं, रस्ता लोकांच्या सोयीसाठीच झाला. विहारचं पण तसंच आहे. शहराला प्यायला पाणी नव्हतं, धोबीतलाव नि गवालिया टँक असली नावं उरलीत ना ते तलावच होते, त्यावर शहर जगायचं. तहान खरी होती. माझं आयुष्य त्या तहानेवरच गेलं म्हण. आज सात तलावांतून पाणी येतं मुंबईला, भातसा, तानसा, वैतरणा असं लांबून, आणि त्यात विहार-तुळशीचा वाटा अगदीच थोडा आहे. म्हणजे ज्याच्यासाठी नदीचं डोकं बांधलं त्या कामात आता तो तलाव लिंबूटिंबू झालाय, पण नदीला काही तिचं पाणी परत मिळालं नाही. पवईचं तर पिण्यालायक पण राहिलं नाही, तिथल्या मगरी तेवढ्या टिकून आहेत बिचाऱ्या.

२६ जुलैचा कार्यक्रम आहे म्हणतोस तर एक गोष्ट ध्यानात ठेव. २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेवढा पाऊस कुठल्याच नदीने सुखाने नेला नसता. पण वरून एवढं पाणी येतंय, मधे काटकोनी वळणं, काठावर भराव, पुढे तोंड आवळलेलं आणि भरतीची वेळ असेल तर समुद्र पाणी घेत नाही, उलट आत ढकलतो. १८०५ पासून एकेक करून जे जे केलं ते सगळं त्या दिवशी एकत्र आलं. त्यानंतर पुराची कारणं शोधायला चितळे समिती बसली, मिठीसाठी प्राधिकरण झालं, रुंदी वाढवली, खोली वाढवली, दोन्हीकडे भिंती घातल्या. भिंतीमुळे पाणी वस्तीत कमी शिरतं हे खरं, पण भिंत घातली की नदीचा काठ संपतो. काठ संपला की लोकांसाठी तो नाला. तुमच्या वयाच्या पोरांनी मिठीचा काठ बघितलाच नसेल.

---

कुर्ल्याचा_पोऱ्या

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून थँक्यू.

ओवी फायनल. ढोलकीवाला खरंच चिडला, त्याला चौथ्यापासून पुढे सगळं दिलं तेव्हा गप्प बसला. नदी बोलते ते कडवं काढलं, आता एक बाई गातेय, जी कुर्ल्यात राहते आणि जिच्या घरासमोरून मिठी जाते. पहिली ओवी अशी बदलली,

*पहिली माझी ओवी, पुलाच्या गं पाया*
*माणसं गेली सुखानं, भरती गेली वाया*

आणि चिंबोरीताईंसाठी किल्ल्याची,

*दुसरी माझी ओवी, काळ्या किल्ल्यापाशी*
*पहारा द्यावा कुणावर, नदी गेली कशी*

विहार तिसरी, विमान चौथी, काचेची घरं पाचवी, म्हणजे दिमडीवाले दादांचे आकडे एकेकाने पुढे सरकवले. मासळी मधल्या आलापात घेतोय, नुसती नावं, बोईट-कोळंबी-जिताडा-निवटी-चिंबोरी असं एकामागोमाग आणि प्रत्येक फेरीला एक नाव कमी करत जायचं. रिहर्सलला आमच्यातला एकजण थांबलाच मधे. (तो वसईचा आहे, मासळी म्हटलं की हळवा होतो.)

आता शेवटची. ही माझी आहे,

*सहावी माझी ओवी, माझ्याच गं दारा*
*माझ्या मोरीचा गं लोंढा तिच्याकडंच सारा*

सायनवाले म्हणाले आपण कधी येणार गाण्यात, तर म्हटलं इथे येऊ. कसं वाटतंय?

---

क्रांतीनगर_वाली

पहिल्यांदाच लिहितेय इथे, रोज नुसतं वाचते.

बाकी सगळं मस्त आहे पण शेवटची ओवी मला टोचली. आम्ही नदीला लागून राहतो. पाऊस वाढला आणि नदी चढली की भोंगा होतो, सामान वर ठेवायचं, पोरांना घेऊन शाळेत जायचं, तिथे रात्र काढायची. दर वर्षी. आणि तुम्ही त्याच कार्यक्रमात आमच्यासमोर गाणार की तुमच्या मोरीचं पाणी नदीत जातं. जातं ना. कारण दुसरीकडे जायला लाईनच नाही दिलेली. वर साकीनाक्याला तेलाची पिंपं धुतात, भंगारवाले, कारखाने, मोठ्या सोसायट्यांच्या लाईनी पण कुठे कुठे नाल्यातच सोडलेल्या आहेत, त्यांची मोरी दिसत नाही कारण ती जमिनीखालून येते. आमची दिसते म्हणून आमच्यावर ओवी.

रागावून नाही लिहिलंय. पण बदला.

---

सायन_स्लो_लोकल

ताईंचा मुद्दा एकदम बरोबर. मी "आपण" म्हणत होतो तेव्हा माझ्या डोक्यात माझी तिसऱ्या मजल्यावरची मोरी होती. फ्लश केलं की कुठे जातं ते मला पण माहीत नाही खरं तर, महिन्याचा मेंटेनन्स भरला की विषय संपतो.

---

दिमडीवाला

मोरी ठेवा, मालक बदला. ओवीत ते सहज होतं, एक शब्द हलवायचा फक्त.

*सहावी माझी ओवी, माडीवरच्या बाई*
*तुझ्या मोरीचा गं पत्ता तुला ठाव नाही*

गाणारी खाली नदीकाठी, वर बघून माडीवरच्या बाईला सांगतेय. टोमणा पण झाला आणि भांडण पण नाही. जात्यावर असंच चालायचं, सासूचं नाव न घेता सासूला बोलायचं.

---

क्रांतीनगर_वाली

हां, हे चालेल. आमच्या गल्लीतल्या बायका हे दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत म्हणतील बघा.

---

चिंबोरी_नाक्यावर

मस्तच झालंय. गाळाचं काहीच नाही पण! दर वर्षी गाळ काढतात म्हणे, कोटींची बिलं निघतात, २०२५ ला त्या कंत्राटांवरून गुन्हा पण दाखल झाला. पावसाळ्यात गाळ आहे तिथेच. सातवी ओवी मीच देते,

*सातवी माझी ओवी, गाळाच्या गं ढिगा*
*कागदावर निघाला तो, नदीत शोधा जागा*

ढिगा-जागा जमत नाही नीट, कुणीतरी बघा.

---

जलखात्याचा_म्हातारा

"नदीत तो उगा" कर. उगा म्हणजे गप्प बसलेला. गाळ गप्पच बसतो, बिलंच तेवढी बोलतात.

---

कुर्ल्याचा_पोऱ्या

घेतलं! *कागदावर निघाला तो, नदीत तो उगा.* सात ओव्या, मधे मासळीची फेरी, साडेपाच मिनिटं होतायत. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलंय की गाळाची ओवी नगरसेवक यायच्या आधी म्हणायची की नंतर. मी म्हटलं समोर बसल्यावर. अजून ठरलेलं नाही, दोन-तीन जण म्हणतायत स्पीकरचे पैसे तेच देतायत. कुणाकडे भाड्याने स्वस्तात स्पीकर असेल तर मेसेज टाका, दोन टॉप आणि एक बेस पुरे.